फादरच्या खुर्चीतली अट्रॅक्टा

आमच्या क्लूनशी गावात कुणी चहा विचारला तर आधी नको म्हणायचं असतं. दुसऱ्यांदाही नकोच म्हणायचं, फक्त जरा मऊ आवाजात. तिसऱ्यांदा विचारलं की मग "बरं, अगदी घोटभर" म्हणायचं आणि दोन मोठे कप चहा आणि लोणी थापलेल्या पावाच्या चकत्या रिचवून उठायचं. पहिल्या फटक्यात हो म्हणणारा माणूस एक तर डब्लिनचा असतो, नाहीतर खरोखरच उपाशी. आणि दोनदाच विचारून गप्प बसणारा यजमान असला, तर त्याच्या चिकटपणाची कीर्ती रविवारी चर्चच्या दारात सगळ्यांच्या तोंडी असते.

कोलमन रॅटिगनने फोटोंनाही हाच नियम लावला होता. कुणाच्या स्वयंपाकघरात, कुणाच्या गोठ्यात गेला की कॅमेरा टेबलावर नाहीतर कठड्यावर ठेवायचा आणि हवापाण्याच्या गप्पा मारता मारता तीनदा विचारायचं. पहिला नकार रीतीचा. दुसरा केस सारखे करायला वेळ मिळावा म्हणून. तिसऱ्यांदाही नको आलं, तर मात्र ते खरं नको. मग भिंगावर टोपण बसवायचं, चहा घ्यायचा आणि घरी जायचं. यात त्याचे किती चांगले फोटो हातचे गेले, देव जाणे. पण रॉसकॉमन जिल्ह्याच्या त्या कोपऱ्यात त्याला एकही दार बंद नव्हतं ते यामुळेच, हेही तितकंच खरं.

पोटासाठी तो जिल्ह्याच्या साप्ताहिकाचा फोटोग्राफर. एकाच चेकला हात लावून उभे असलेले पाच गृहस्थ, पहिल्या कम्युनियनच्या पांढऱ्या झग्यातल्या मुली, हरलेला फुटबॉल संघ, जिंकलेला फुटबॉल संघ, जत्रेतला सगळ्यात मोठा कोबी आणि त्याहून फुगलेला त्याचा मालक. नावं डावीकडून उजवीकडे. एखादं नाव चुकलं की त्या माणसाची आई दुसऱ्या दिवशी ऑफिसात हजर, मग तो माणूस पन्नाशीचा का असेना. पण कामावरून परतताना कोलमन वाटेत थांबायचा आणि स्वतःचे फोटो काढायचा. गुरांच्या बाजारात कठड्यावर हनुवट्या टेकून उभे शेतकरी. डोक्याला रोलर लावून चुलीभोवती सिगारेट ओढणाऱ्या तिघी बहिणी. नुकतं जन्मलेलं वासरू पायाशी घेऊन टीव्ही बघणारा म्हातारा. दलदलीतून जळणाच्या मातीच्या विटा खणून त्या वाऱ्यावर रचणारं अख्खं कुटुंब, सगळ्यांचे कपडे चर्चला जाऊन जुने झालेले.

"काय रे कोलमन, गाय कधी बघितली नव्हतीस का?" बाजारातली माणसं विचारायची.

"गाय बघितलीय. तुझ्यासारखा बैल नव्हता बघितला," तो म्हणायचा आणि फोटो काढायचा.

एकदाच, फार वर्षांपूर्वी, त्याचं डब्लिनला प्रदर्शन लागलं. तिथल्या एका पेपरात कुणी शहाण्याने लिहिलं की हे दारिद्र्याचं हृदयद्रावक दर्शन आहे. ज्या घराला दारिद्र्य म्हटलं होतं, त्या घरी दोन ट्रॅक्टर होते. त्या घरच्या बाईने तो पेपर कोलमनच्या दारात आणून टाकला आणि एक शब्द न बोलता निघून गेली. बोलली असती तर परवडलं असतं. त्यानंतर कोलमनने डब्लिनला काही पाठवलं नाही. फोटो काढायचा, धुवायचा, पाकिटात घालायचा, पाकीट खोक्यात. वडिलांच्या वेळी जिथे डुकरं असायची तिथे त्याने डार्करूम केली होती, आणि त्या डार्करूमच्या भिंती हळूहळू खोक्यांनी भरत गेल्या. लग्न त्याने केलं नाही. तिथेही तिसऱ्यांदा विचारायचं राहिलं असेल, असं गावातली माणसं म्हणतात. आम्हाला काही ठाऊक नाही.

मग गेल्या वर्षी साइव्ह आली. तिशीची मुलगी, डब्लिनच्या एका प्रकाशन संस्थेत कामाला. आजीच्या घरी कोलमनने काढलेला एक फोटो तिने बघितला होता आणि तेवढ्यावर गाडी काढून आली होती. दोन आठवडे ती त्या डुकरांच्या खोलीत कोट घालून बसली आणि एकेक पाकीट उघडत राहिली. पुस्तक काढायचं म्हणाली. मोठं, जाड कागदाचं, चाळीस वर्षांचं सगळं काम. कोलमनने आधी नको म्हटलं, पुन्हा नको म्हटलं, तिसऱ्यांदा "बघ बाई तुला काय करायचं ते" म्हटलं. एकाहत्तरावं लागलं होतं त्याला. डाव्या डोळ्याने आता दिसायचं ते धुक्यातल्यासारखं. हे पुस्तक झालं नाही तर दुसरं होणार नव्हतं, आणि ते व्हावं असं त्याला फार वाटत होतं. इतकं की रात्री झोप लागेना, आणि हे तो कुणाला कबूलही करेना.

शेवटच्या खोक्याच्या तळाशी साइव्हला एक बंद पाकीट सापडलं. तिने ते उघडलं आणि आतला फोटो उजेडाकडे धरला.

फोटोत गावातली अट्रॅक्टा कनिफ फादरसाठी मांडलेल्या खुर्चीत बसली आहे. पाय घमेल्यातल्या गरम पाण्यात. चांगले बूट बाजूला लोळतायत. पुढे पांढऱ्या टेबलक्लॉथवर पाहुण्यांच्या बशा, आणि हातात फादरने अर्धवट टाकलेलं उकडलेलं अंडं. मान मागे टाकून ती हसते आहे, मोकळेपणी, पार दाढा दिसेपर्यंत. मागे नुसता काळोख.

"कोलमन," साइव्ह म्हणाली, "हे मुखपृष्ठ."

"ते नाही घ्यायचं."

"का? सगळ्यांची उठबस संपली, आणि आता एक बाई स्वतःसाठी बसली आहे. एकटी. चाळीस वर्षांत तुम्ही जे काही केलंत ना, ते सगळं या एका फोटोत आलंय."

"तिने नको म्हटलं होतं."

"किती वेळा?" साइव्हची आजी रॉसकॉमनची होती, तेव्हा तिला हे विचारायचं सुचलं.

"दोनदा," कोलमन म्हणाला. "तिसऱ्यांदा मी विचारलंच नाही."

कायद्याने विचारायची गरज नाही, असं साइव्ह म्हणाली. कोलमन म्हणाला, "पोरी, कायदा तुझ्या डब्लिनला. मला रोज तिच्या फाटकावरून जायचं असतं." शेवटी ठरलं ते असं: त्याने जाऊन विचारायचं. हो आलं तर तेच मुखपृष्ठ, आणि मग प्रकाशक पुस्तक थाटात काढणार, लंडनलासुद्धा दाखवणार. नाही आलं तर ते पाकीट पुन्हा तळाशी.

त्या फोटोची हकिगत अशी. आमच्याकडे वर्षातून दोनदा घरची मिस्सा, म्हणजे फादरनी चालवलेली प्रार्थना, असते. चर्चमधली नव्हे, घरातली. ज्याची पाळी त्याच्या घरी सकाळी फादर येतात, शेजारीपाजारी जमतात, स्वयंपाकघराच्या टेबलावर मिस्सा होते आणि मग फादरना घरातल्या चांगल्या खुर्चीत बसवून नाश्ता. पाळी आली की घराला रंग लागतो, पडदे नवे येतात, गोठ्याच्या दारालासुद्धा हिरवा हात फिरतो. पाळ्या नसत्या तर क्लूनशीतली निम्मी घरं कधीच पडली असती. कनिफांची पाळी खरं तर पुढच्या वसंतात होती. पण अट्रॅक्टाचा नवरा जार्लथ पोटाच्या दुखण्याने अंथरुणाला खिळला होता आणि वसंत काही त्याला दिसणार नव्हता. म्हणून ऑक्टोबरातच मिस्सा त्यांच्याकडे झाली. घराला रंग शेजाऱ्यांनी दिला.

फादर ईगन नाश्ता करून गेले, माणसं पांगली. कोलमन मागे राहिला होता, स्टँड आवरत. अट्रॅक्टा खुर्चीत कोसळली, बूट भिरकावले, पाय पाण्यात घातले.

"एक घेऊ का?" त्याने विचारलं.

"नको रे."

"एकच."

"नको म्हटलं ना, कोलमन."

आणि तेवढ्यात ती हसली. कशाला हसली, कोलमनने विचारलं नाही. त्याला हसू मिळालं होतं. बोट आपोआप दाबलं गेलं, असं तो स्वतःला सांगत आला, पण बोटं काही आपोआप दाबली जात नसतात. त्याच आठवड्यात त्याने फोटो धुतला आणि त्याच्या लक्षात आलं की यापेक्षा चांगला फोटो आपण काढलेला नाही. मग त्याला लाज वाटली. त्याने एकच प्रिंट ठेवली आणि पाकिटाला चिकटपट्टी लावली. नोव्हेंबरातला ऑल सोल्सचा, मृतांच्या स्मरणाचा दिवस उलटला आणि जार्लथ गेला. त्या पाकिटाचा विषय निघायचा प्रश्नच उरला नाही.

अट्रॅक्टा आता पंच्याऐंशीच्या पुढची. मुलं बोस्टनला. घर तेच, टेबल तेच, फक्त टेबलक्लॉथ प्लॅस्टिकचा. कोलमन पाकीट कोटाच्या आत धरून गेला तेव्हा ती बटाटे सोलत होती. चहाचे सोपस्कार झाले. शेजारच्या गावातल्या दोन मयतांबद्दल बोलून झालं. मग त्याने एका दमात सगळं सांगून टाकलं. मिस्सा, घमेलं, खुर्ची, पुस्तक.

"म्हणजे तू काढलाच होतास," ती म्हणाली.

"काढला होता."

"मला वाटलंच. खट्ट आवाज आला होता." तिने बटाटा पाण्यात टाकला. "नको, कोलमन. नको घालू."

"लोकांना आवडेल तो. तुम्ही फार छान दिसताय त्यात."

"घमेल्यात पाय घालून कोण छान दिसतं रे? नको म्हणजे नको. लोक हिशेब करतील. मिस्सा कधी होती, जार्लथ कधी गेला. म्हणतील, आत नवरा मरायला टेकला होता आणि ही बाहेर फादरचं अंडं खात खिदळतेय. मी मेल्यावर म्हणू देत. मी आहे तोवर मला चर्चच्या दारातून आत जायचंय."

झाले दोन. कोलमनचा जीव टांगणीला लागला. तिसऱ्यांदा विचारलं आणि नाही आलं, तर पुस्तकाचं जे व्हायचं ते होवो, पण मग हा प्रश्न आयुष्यात परत विचारता येणार नव्हता. तो टेबलावरच्या मिठाच्या भांड्याशी चाळा करत बसला. त्याची ती अवस्था बघून अट्रॅक्टालाच दया आली असावी.

"आधी दाखव तरी मला," ती म्हणाली. "जिच्यावरून एवढा गोंधळ, तिने तो बघितलेलासुद्धा नाही."

त्याने पाकिटातून फोटो काढला. तिने हात पुसले, चष्मा बदलला, फोटो खिडकीपाशी नेला. हसली नाही. लाजलीही नाही. नुसती शोधत राहिली, जसं कुणी गर्दीत आपलं माणूस शोधतं.

"जार्लथ कुठाय?" तिने विचारलं.

"जार्लथ आतल्या खोलीत होता ना."

"आतल्या कुठला? त्याचा पलंग दाराशी ओढला होता आपण, मिस्सा ऐकू यावी म्हणून. तूच एका बाजूने धरला होतास. दार सताड उघडं होतं." तिने बोट काळोखावर टेकवलं. "इथं होता तो. मी हसले कुणाला मग? भिंतीला?"

कोलमन तिच्या बोटाखालच्या काळोखावर वाकला.

"त्याच्या पोटात दोन-अडीच आठवडे अन्न टिकलं नव्हतं," अट्रॅक्टा सांगत होती. "चमचाभर सूपसुद्धा बाहेर यायचं. आणि मी त्या खुर्चीत बसून फादरचं अंडं हातात घेतलं, तर मागे दारातून अगदी बारीक आवाज आला, तुला ऐकू गेला नसेल, 'अगं ए, अंड्याचा शेंडा मला ठेव.' लहानपणी त्यांच्या घरी मिस्सा व्हायची तेव्हा फादर अंड्याचा शेंडा कापून बाजूला ठेवायचे, आणि तो कुणाला मिळणार यावरून सहाही भाऊ मारामारी करायचे. जार्लथ धाकटा. त्याला कधी मिळालाच नाही म्हणे. मरायला टेकलेला माणूस, आणि हिशेब चुकता करतोय. मला हसू आवरेना. तू गेल्यावर मी त्याला भरवला. शेंडा आणि वर थोडा पिवळा. आणि तो टिकला, कोलमन. पोटात टिकला. त्याचं शेवटचं खाणं ते."

कोलमनला आठवलं. डार्करूममध्ये, पहिल्या कच्च्या प्रिंटवर, अट्रॅक्टाच्या खांद्यामागे एक पांढरट डाग होता. उशी, चादर, काहीतरी. डोळा सारखा तिकडे ओढला जात होता, म्हणून त्याने दुसऱ्या प्रिंटच्या वेळी बाकीच्या फोटोवर हात आडवा धरून त्या कोपऱ्याला जादा उजेड दिला, तो पार काळा होईपर्यंत; फोटोच्या कागदावर उजेड जितका जास्त, तितकं काळं. सगळे फोटोग्राफर करतात. डाग काय आहे हे त्याने पाहिलंसुद्धा नव्हतं. 

"मी काळं केलं ते," तो म्हणाला. "मला वाटलं, नुसतीच चादर आहे. फोटो चांगला दिसावा म्हणून केलं."

अट्रॅक्टाने चष्म्यावरून त्याच्याकडे बघितलं.

"मी नको का म्हणत होते, ठाऊक आहे तुला? त्या दिवशी. माझ्या पायांचं काय, ते मी सगळ्या गावाला दाखवले असते. जार्लथची दाढी केलेली नव्हती. फादर येणार म्हणून करायला बसले, तर त्याला वस्तरा सोसेना. तसल्या खुंटांनिशी फोटोत यायला त्याला आवडलं नसतं, म्हणून मी नको म्हटलं. दाढीसाठी. आणि तू तर अख्खा माणूसच पुसून टाकलास."

ती उठली आणि रेडिओच्या मागून प्रार्थनेचं पुस्तक काढलं. पुस्तक मयतांच्या कार्डांनी फुगलेलं होतं, जसं आमच्याकडे प्रत्येकीचं असतं. माणूस जाऊन महिना झाला की मिस्सा होते आणि त्याचा फोटो आणि एक प्रार्थना छापलेलं छोटं कार्ड घरोघर जातं. मग ते कार्ड पुस्तकात राहतं आणि पान उघडलं की गेलेलं माणूस भेटतं. तिने जार्लथचं कार्ड काढून टेबलावर ठेवलं. कोलमनला ते बघायची गरज नव्हती. त्यानेच केलं होतं. जार्लथ कॅमेरा दिसला की कुंपणाआड जाणारा माणूस, त्याचा फोटो कुठेच नव्हता. तरुणपणीच्या एका फुटबॉल संघात तो मागच्या रांगेत अर्धा दिसत होता. त्यातून कोलमनने त्याचं डोकं उचललं आणि मोठं केलं. दोन ठिपके म्हणजे डोळे. बाकी धुरकट, वाटाण्याएवढं.

"तेव्हा मी तुझ्याकडे आले होते," अट्रॅक्टा म्हणाली. "पावसात, सायकलवरून. म्हटलं, कोलमन, तुझ्या एवढ्या खोक्यांत जार्लथचा एखादा असेल बघ. तू आत गेलास, बाहेर आलास आणि म्हणालास, नाही."

"ते पाकीट मी उघडलंच नाही. तुम्ही नको म्हटलं होतंत. तुमच्यासमोर ते काढायची लाज वाटली मला."

"काय मेलं त्या लाजेचं घेऊन बसलास." आवाज चढला नव्हता तिचा. चढला असता तर बरं झालं असतं. "चाळीस वर्षं झाली, मी या वाटाण्याला शुभरात्री म्हणतेय. त्याचा चेहरा कसा होता ते आता मला आठवत नाही, ठाऊक आहे? आवाज आठवतो. हात आठवतात. चेहरा आणायला गेले की हा धूर येतो."

  तिसऱ्यांदा विचारायचं तर कोलमनच्या मनातसुद्धा आलं नाही. तो फोटो तिथेच ठेवून टोपी घेऊन निघाला. ती दारापर्यंत आली नाही, आणि क्लूनशीत पाहुण्याला दारापर्यंत पोचवायला न जाणं म्हणजे काय, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

निगेटिव्ह सापडली. पाकिटातच होती, पट्टीतली दुसरी. कोलमनने डार्करूमचं दार लावलं, रसायनं घोळली आणि या वेळी मधे हात न धरता प्रिंट काढली. पुरेसं दिसेना. मग त्याने उलट केलं. त्या कोपऱ्याला कमी उजेड दिला, बाकीच्याला जास्त. कागद ताटलीत हलवत राहिला. आधी उशीची कड आली, मग दाराची चौकट, आणि मग हळूहळू जार्लथ कनिफ. गालफडं बसलेली, दाढीचे खुंट, केस उभे. तोंड बोलता बोलता उघडं राहिलेलं. चादरीतून एक हात वर आलेला, दोन बोटं चिमटीसारखी धरून, एवढाच शेंडा दे म्हणून. आणि डोळे बायकोवर. थोडा अस्पष्ट होता, पण माणूस ओळखू येत होता. त्याच्या आईने ओळखला असता. कोलमन त्या लाल दिव्याखाली उभ्या उभ्या रडला. सांगायला काही हरकत नाही, त्याच्या जागी कुणीही रडलं असतं.

त्याने त्या प्रिंटचा फोटो साइव्हला पाठवला. दुपारी तिचा फोन आला.

"मला रडू आलं," ती म्हणाली. "खरंच. पण कोलमन, मुखपृष्ठ नाही होणार हे."

"का?"

"नजर थेट त्याच्याकडे जाते. तिच्याकडे कुणी बघतच नाही. आजारपणाचा फोटो झाला हा. पहिल्या फोटोत ती एकटी होती, त्यात ताकद होती."

"ती एकटी नव्हतीच, पोरी."

"मला कळलं आता. पण फोटोत होती."

ती खोटं बोलत नव्हती, आणि हे कोलमनला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. फोटो म्हणून जुनाच चांगला होता. चाळीस वर्षांपूर्वी हात आडवा धरला तेव्हा त्याचा डोळा चुकला नव्हता. 

"मग दुसरं काहीतरी घे," तो म्हणाला. "गुरांच्या बाजारातलं, टोपीवाल्या शेतकऱ्यांचं."

"टोप्यांचे फोटो सगळ्यांकडे आहेत. प्रकाशकांना मी या फोटोवर पटवलं होतं. आता ते पुस्तक लहान करतील. तुम्हाला वाईट वाटेल."

"वाटतंयच," कोलमन म्हणाला. "पण तो काळा कोपरा मी पुन्हा छापणार नाही."

दुसऱ्या दिवशी तो अट्रॅक्टाकडे गेला. फाटकाशी जरा घुटमळला. मग आत जाऊन नवी प्रिंट तिच्यापुढे ठेवली.

तिने ती बराच वेळ हातात घेतलीच नाही. टेबलावरच ठेवून वाकून बघत राहिली. मग आपला तळवा तिने फोटोच्या अर्ध्या भागावर ठेवला. घमेलं, खुर्ची, अंडं, हसणारी ती, सगळं तळव्याखाली गेलं. राहिला जार्लथ.

"किती बारीक झाला होता," ती म्हणाली. "आणि नाक बघ. मी त्याचं नाक विसरले होते. मोठ्याचं तेच आहे, बोस्टनच्या." तिने डोळे पुसले नाहीत, चष्माच काढून पुसला. "दाढी काही इतकी वाईट दिसत नाही रे. उगाच मी नको म्हटलं."

"नाही दिसत," कोलमन म्हणाला.

"त्या खणातली कात्री दे."

"कात्री कशाला?"

"हा एवढा हवाय मला. प्रार्थनेच्या पुस्तकात मावेल असा."

"मी त्याचा वेगळा लहान करून आणतो. उद्या. हा अख्खा राहू द्या, तुम्ही दोघं आहात त्यात."

"या वयात मला उद्या-परवा सांगू नकोस. मी मला रोज आरशात दिसते. कापून दे. माझा हात थरथरतो."

कात्री स्वयंपाकघरातली होती, पात्यांना डुकराच्या चरबीचा वास. कोलमनने आयुष्यात हजार कार्डांसाठी लोकांची डोकी कापली होती, लग्नांतून, संघांतून, बायकांच्या खांद्यांवरून. पण हे चित्र त्याच्या साऱ्या कामातलं सगळ्यात चांगलं, आणि त्यातलं चांगलं होतं ते कापून उरणाऱ्या बाजूला, हसणाऱ्या अट्रॅक्टाच्या. त्याने दाराच्या चौकटीवरून सरळ कापलं. नवरा वेगळा झाला. अट्रॅक्टाने तो चौकोन घेतला, प्रार्थनेच्या पुस्तकात बोटाने जागा केली आणि ठेवला. जुनं कार्ड फेकलं नाही. त्याच्या मागे सारलं.

"अख्खं पुन्हा काढून तुझ्या पुस्तकात घालायचं तर घाल," ती वर न बघता म्हणाली. "दोघं असलेलं. आता कुणी काही म्हणणार नाही. दिसतंय ना, कोण कुणाला हसतंय ते."

"मुखपृष्ठावर नसेल ते. आत असेल कुठेतरी."

"आत बरं. वर ठेवलं तर त्यावर कुणी कप ठेवेल."

चुलीवरची किटली उकळली होती. तिने चहादाणीत पाणी ओतलं, टेबलाकडे आली आणि प्लॅस्टिकच्या टेबलक्लॉथवर गरम बूड टेकवायला कुठे काही आहे का बघू लागली. उरलेला तुकडा समोरच पडला होता. तिने तो सरळ केला आणि चहादाणी त्यावर ठेवली. घमेलं खाली झाकलं गेलं, हसणारं तोंड तेवढं बाहेर राहिलं, आणि ओल्या उष्णतेने फोटोचा कोपरा हळूहळू वर वळू लागला. कोलमनने एकदा त्याच्याकडे बघितलं. मग तिने विचारायची वाट न बघता त्याने आपला कप पुढे सरकवला आणि ती ओतेपर्यंत धरून ठेवला.